सायकलवरचे ओझे : किती आणि कोठे?

सायकलच्या दुकानात आज शाळकरी मुलांसाठी म्हणून जी सायकल पुढे केली जाते, तिच्याकडे एकदा नीट निरखून पाहा. रंग झगझगीत असतो. टायर जाडजूड असतात. हँडल सरळ असते. गिअर असतात, आणि आता तर पुष्कळ सायकलींना डिस्क ब्रेकही असतात. पण मागच्या चाकावर कॅरिअर नसते. मडगार्ड असले तर नावापुरते. साखळीवर झाकण नाही. मागचे चाक उचलून सायकल सरळ उभी करणारे दुहेरी स्टँड गेले आणि त्याच्या जागी एका बाजूला टेकणारी काडी आली. कॅरिअर हवे असेल तर ते निराळे विकत घ्यायचे; आणि काही सायकलींच्या सांगाड्यात ते बसवायला आसाजवळ भोकच ठेवलेले नसते.

यात एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. माझ्या मते बरेच बिघडले. ओझ्याची जागा गेली म्हणून ओझे काही गेले नाही. दप्तर पाठीवर चढले, डब्याची पिशवी हँडलला लटकली आणि घरचा किराणा स्कूटरवर गेला. पहिल्या गोष्टीने पाठ अवघडते, दुसरीने अपघात होतात आणि तिसरीने पेट्रोल जळते. म्हणून कॅरिअर नसलेली सायकल ही अर्धीच सायकल आहे, असे मी म्हणतो. हे मत जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी झालेले नाही. त्याच्या मागे साधे पदार्थविज्ञान आहे आणि ते शाळेच्या अभ्यासापासून फार दूर नाही. बल, तरफ, गुरुत्वमध्य, लंबक आणि गतिज ऊर्जा या पाच गोष्टी समजल्या की पुरे.

चाक काय करते?

समजा, तुम्ही बाजारातून १० किलोग्रॅम ज्वारी, ५ किलोग्रॅम तांदूळ आणि डाळ, तेल, साखर मिळून आणखी ५ किलोग्रॅम माल घेतला. एकूण ओझे झाले २० किलोग्रॅम. ते दोन हातांत घेऊन एक किलोमीटर चालून पाहा. बोटांना वळ पडतील, खांदे भरून येतील. गंमत अशी की पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे सपाट रस्त्यावर तुम्ही गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जवळ जवळ काहीच कार्य केलेले नसते, कारण ओझे वर गेलेलेच नाही. मग थकवा कशाचा? तो स्नायूंचा. ओझे नुसते धरून ठेवण्यासाठीही स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत राहतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. शिवाय प्रत्येक पावलाला शरीर आणि ओझे थोडे वर उचलले जाते व पुन्हा खाली येते.

आता हेच ओझे सायकलच्या कॅरिअरवर ठेवा. धरून ठेवण्याचे काम लोखंडाने केले. लोखंड थकत नाही. उचलण्या-टेकवण्याचा खेळही संपला, कारण चाकाचा आस जमिनीपासून एकाच उंचीवर राहून पुढे सरकतो. उरले ते चाक घरंगळताना होणारे घर्षण. नीट हवा भरलेल्या टायरसाठी डांबरी रस्त्यावर हे बल एकूण वजनाच्या सुमारे एक-शतांश किंवा त्याहूनही कमी असते. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले तर २० किलोग्रॅमचे वजन २०० न्यूटन होते आणि त्याचा शंभरावा भाग २ न्यूटन. म्हणजे २० किलोग्रॅमचे ओझे सपाटीवर पुढे नेण्यासाठी जे जास्तीचे बल लागते, ते २०० ग्रॅमचा बटाटा तळहातावर पेलण्याइतके! सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर, या वेगाने गेलात तर त्यासाठी लागणारी शक्ती ६ वॅट भरते. एवढ्या शक्तीवर लहानसा एलईडी दिवा लागतो.

१९७३ साली एस. एस. विल्सन यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात सायकलविषयी एक लेख लिहिला होता. निरनिराळे प्राणी आणि वाहने एक ग्रॅम वस्तुमान एक किलोमीटर नेण्यासाठी किती ऊर्जा खर्च करतात, याची तुलना त्यात होती. चालणाऱ्या माणसाला जी ऊर्जा लागते तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात सायकलवरचा माणूस तेवढेच अंतर काटतो, आणि या तुलनेत तो सर्वांत काटकसरी ठरतो, असे त्यात दाखवले होते. पायी चालताना घोडा, कुत्रा यांच्या पंगतीत बसणारा माणूस दोन चाकांवर चढताच सगळ्यांच्या पुढे जातो.

आता स्कूटरचा हिशेब पाहा. लीटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर बाजारात जाऊन-येऊन २ किलोमीटर चालवली तर सुमारे ४५ मिलिलीटर पेट्रोल जळते. एका लीटर पेट्रोलमध्ये साधारण ३३० लाख ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे आपण जवळ जवळ १५ लाख ज्यूल खर्च केले. तेवढेच अंतर सायकलने जायला शरीर पावणेदोन लाखांच्या आसपास ज्यूल घेते. फरक आठ-नऊ पटींचा. पाच किलोग्रॅम सामानासाठी शंभर किलोग्रॅमचे यंत्र हलवायचे, हा व्यवहार वाण्याच्या वहीत तोट्याचाच ठरेल.

चढ आला की हिशेब बदलतो

सपाटीवर उदार असलेली सायकल चढावर मात्र पै-पैचा हिशेब मागते. आमचे सोलापूर पठारावरचे, बहुतांशी सपाट गाव; पण रेल्वेवरचे पूल आहेतच. समजा, पुलाचा रस्ता दर १०० मीटरला ३ मीटर चढतो. ६० किलोग्रॅमचा माणूस, २० किलोग्रॅमची सायकल आणि २० किलोग्रॅमचे ओझे मिळून १०० किलोग्रॅम, म्हणजे १,००० न्यूटन वजन. चढासाठी ३० न्यूटन आणि घर्षणासाठी १० न्यूटन असे ४० न्यूटन बल लागेल. पूर्वीच्याच वेगाने चढायचे तर शक्ती लागेल १२० वॅट. सपाटीवर हाच आकडा, हवेचा थोडा विरोध सोडला तर, ३० वॅट होता. सामान्य माणूस बराच वेळ न थकता ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. तेव्हा चढावर एक तर वेग कमी करावा, नाही तर सरळ उतरून सायकल ढकलावी. यात कमीपणा काही नाही.

गिअरचा उपयोग येथे होतो. गिअरमुळे कार्य वाचत नाही. पायडलवर बल कमी द्यावे लागते आणि त्या बदल्यात पाय जास्त वेळा फिरवावे लागतात. हा तरफेचाच सौदा आहे, आणि तो चांगला आहे. म्हणून माझे भांडण गिअरशी नाही. ज्या सायकलला गिअर आहेत तिलाच ओझे चढावर नेणे सोपे जाते, आणि नेमके तिचेच कॅरिअर काढून टाकतात, याचे मला नवल वाटते.

हँडलला पिशवी का नको?

येथवर आपण ओझे 'किती' याचा विचार केला. पण सायकलच्या बाबतीत 'किती' पेक्षा 'कोठे' हा प्रश्न मोठा आहे. वीस किलोग्रॅम योग्य जागी ठेवले तर ते विसरायला होते; चार किलोग्रॅम चुकीच्या जागी टांगले तर ते रस्ताभर त्रास देते. सर्वांत चुकीची आणि सर्वांत सोयीची जागा म्हणजे हँडलचे टोक.

तेथे टांगलेली पिशवी हा एक लंबक आहे. हँडलपासून पिशवीचा गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर खाली आहे असे धरा. लंबकाच्या सूत्रात ही लांबी घाला. आवर्तकाल येतो सुमारे सव्वा सेकंद. आता आरामात सायकल चालवताना आपले पाय मिनिटाला ४८ फेऱ्या करतात असे समजा. एका फेरीला किती वेळ लागला? तोही सव्वा सेकंद! प्रत्येक फेरीत एकदा डावा आणि एकदा उजवा पाय दाबला जातो, हँडल किंचित डावी-उजवीकडे होते आणि पिशवीला नेमक्या वेळी हलका धक्का मिळत राहतो. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावला की तो उंच जातो, तसेच हे. यालाच अनुस्पंदन म्हणतात. पिशवी डुलू लागते, डुलता डुलता गुडघ्याला लागते, आणि एखाद्या वेळी पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये शिरते. मग चाक जागच्या जागी थांबते, पण चालवणाऱ्याचे शरीर जडत्वामुळे पुढेच जात राहते. हँडलवरून तोंडावर पडण्याचे असे अपघात किती गंभीर होतात, हे कोणत्याही हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरा दोष असा. सायकलचा तोल आपण हँडलनेच सांभाळतो. सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल थोडे डावीकडे वळवतो आणि चाके पुन्हा आपल्या खाली आणतो. हे अगदी बारीक वळणे क्षणोक्षणी चाललेले असते. हँडलच्या टोकांना ओझे टांगले की ते वळवायला जास्त जोर आणि जास्त वेळ लागतो. शिवाय पुढचा चिमटा उभा नसून तिरपा असतो. त्यामुळे एकाच बाजूला टांगलेली पिशवी हँडल आपल्या बाजूला ओढत राहते. खात्री करायची असेल तर सायकल दुहेरी स्टँडवर उभी करा, पुढचे चाक जमिनीवरून किंचित उचलून धरा आणि एका बाजूला पिशवी अडकवा. हँडल आपोआप तिकडे वळेल.

इंग्लंडात पूर्वी पाव आणि मांस घरोघर पोहोचवण्यासाठी खास सायकली असत. त्यांचे पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान असे, म्हणजे वरची मोठी टोपली खाली बसे. आणि ती टोपली हँडलला जोडलेली नसून सांगाड्याला जोडलेली असे. हँडल वळले तरी टोपली वळत नसे. ज्याने ही रचना केली त्याला 'कोठे' या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते.

कॅरिअर म्हणजे तरफ

आता मागे जाऊ. कॅरिअर मागच्या चाकाच्या वर असते, पण त्याचे टोक आसाच्या बरेच मागे जाते. येथे मागचा आस हा तरफेचा टेकू समजा. आसाच्या मागे ठेवलेले ओझे पुढचे चाक उचलू पाहते.

जुन्या पद्धतीच्या २० किलोग्रॅमच्या सायकलचा विचार करू. तिच्या दोन आसांमधले अंतर सुमारे ११५ सेंटिमीटर असते आणि कोणी बसलेले नसताना पुढच्या चाकावर साधारण ९ किलोग्रॅम भार येतो. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे वजन जवळ जवळ ३० किलोग्रॅम असते, त्यात १४.२ किलोग्रॅम गॅस आणि बाकीचे लोखंड. असा सिलिंडर कॅरिअरच्या टोकाशी, म्हणजे गुरुत्वमध्य आसाच्या ३५ सेंटिमीटर मागे येईल असा बांधला तर? ३० गुणिले ३५ भागिले ११५, उत्तर येते ९ पेक्षा थोडे जास्त. म्हणजे तुम्ही उतरलात की पुढचे चाक हवेत! तोच सिलिंडर आसाच्या फक्त १० सेंटिमीटर मागे ठेवला तर पुढच्या चाकावरून अडीच किलोग्रॅमच भार कमी होतो आणि सायकल शहाण्यासारखी उभी राहते.

सायकलवरून सिलिंडर पोहोचवणारे कामगार तो कॅरिअरवर उभा ठेवत नाहीत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे लावून त्यांना सिलिंडर अडकवतात. दुधाच्या कॅनचेही तसेच. एका लीटर दुधाचे वस्तुमान एक किलोग्रॅमपेक्षा थोडे जास्त असते. दोन बाजूंना वीस-वीस लीटर म्हणजे चाळीस किलोग्रॅमच्या वर ओझे झाले. पण ते आसाच्या जवळ, खाली आणि दोन्हीकडे सारखे असते. गवळ्याला परिबल हा शब्द माहीत नसेल. बल गुणिले अंतर हा नियम मात्र त्याच्या हातांना पाठ असतो.

जुन्या काळ्या सायकलचे स्पोक कधी मोजले आहेत का? पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० असतात. मागच्या चाकावर माणसाचा आणि मालाचा भार अधिक येतो, म्हणून तेथे आठ तारा जास्त. ही सायकल बनवणाऱ्याने ओझे गृहीतच धरले होते.

उंच की ठेंगणे?

ओझे खाली असावे असे सगळेच सांगतात. पण का, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. एक पेन्सिल आणि एक मीटरपट्टी आळीपाळीने बोटावर उभी धरून पाहा. पट्टीचा तोल सांभाळणे सोपे जाते, कारण उंच वस्तू सावकाश पडते आणि बोट हलवायला वेळ मिळतो. या न्यायाने चालत्या सायकलवर थोडे उंच ओझे असले म्हणून लगेच तोल जात नाही.

अडचण येते ती थांबताना, चढताना-उतरताना आणि ढकलताना. तेव्हा चाकांची मदत नसते, ओझे हातांनीच सावरावे लागते. ४० किलोग्रॅमचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर उंच आहे आणि सायकल १० अंशांनी कलली आहे असे धरा. तिला पाडणारे परिबल सुमारे ६८ न्यूटन-मीटर भरते. गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आणला तर ते ३४ होते, अगदी निम्मे. आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळांत दर पंचवीस पावलांवर कोणी ना कोणी आडवे येते आणि पाय टेकावा लागतो. तेथे या निम्म्याची किंमत कळते. कॅरिअरवर पोत्यावर पोते रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंना खाली पिशव्या सोडणे शहाणपणाचे, ते यासाठी.

दुहेरी स्टँडचे महत्त्वही येथेच आहे. त्यावर सायकल सरळ उभी राहते आणि गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पायांच्या मध्ये पडते. एका काडीवर तिरपी टेकलेली सायकल रिकामी असताना उभी राहते. ओझे चढवायला गेलात की कोसळते.

थांबणे हेही काम आहे

ओझे असताना सायकल चालवणे सोपे, थांबवणे अवघड. माणूस आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असतील तर गतिज ऊर्जा ६४० ज्यूल होते. त्यात ४० किलोग्रॅम ओझे वाढले की ती ९६० ज्यूल होते. ब्रेकची पकड तीच, समजा १६० न्यूटनची, राहिली तर थांबायचे अंतर ४ मीटरवरून ६ मीटर होईल. हे दोन जादा मीटर म्हणजे समोरून धावत आलेले पोर आणि तुमचे चाक यांच्यामधले अंतर आहे. पावसात पोलादी रिम ओली झाली की रबराची पकड आणखी सुटते. म्हणून ओझे असेल तेव्हा वेग कमी, अंतर जास्त, आणि ब्रेकचे रबर वेळेवर बदललेले, हा नियम पाळावा.

डबेवाले आणि कोळसेवाले

कोणी म्हणेल, मुंबईचे डबेवाले तर हँडलला डबे टांगतात! खरे आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली आहेत, आणि स्टेशन ते कचेरी हे अंतर त्यांच्यापैकी पुष्कळजण सायकलनेच काटतात. पण त्यांचे डबे कसे टांगलेले असतात ते पाहा. दोन्ही बाजूंना सारखे आणि एकमेकांना इतके खेटून, की डुलायला जागाच राहत नाही. बाकीचे मागच्या कॅरिअरवर आणि त्याच्या बाजूंना. वेग बेताचा, आणि चालवणाऱ्याचा हात रोजच्या सरावाचा. लंबकाला डुलू दिले नाही तर तो लंबक राहत नाही. तरीही पुढे डबे घेतल्यामुळे हँडल जड होतेच, आणि ते वळवायचे कसब वर्षानुवर्षांच्या सवयीने येते. दोन दिवसांपूर्वी सायकल शिकलेल्या मुलाने त्यांची नक्कल करू नये.

ओझ्याची परिसीमा पाहायची असेल तर व्हिएतनामकडे पाहावे. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत तेथील लोकांनी डोंगर-जंगलांतून सायकलींवर तांदूळ आणि दारूगोळा नेला. एकेका सायकलवर २०० किलोग्रॅमच्या वर ओझे असे. त्या सायकली कोणी चालवीत नसे, ढकलीत असत. हँडलला एक लांब बांबू बांधलेला असे, म्हणजे बाजूने चालता चालता वळवता येई आणि तरफ लांब झाल्यामुळे बल कमी लागे. दुसरा बांबू सीटच्या नळीत उभा खोचलेला असे. तो तोल धरायला आणि ढकलायला.

ही हकीकत ऐकून आपण वाहवा म्हणतो. पण अशीच सायकल आपल्या देशात झारखंडच्या कोळसा-पट्ट्यात रोज दिसते. तेथे माणसे दोन-दोनशे किलोग्रॅम कोळशाची पोती सायकलवर लादून घाटरस्त्याने मैलोन्‌मैल ढकलत नेतात. हिशेब करा. कोळसा आणि सायकल मिळून २२० किलोग्रॅम आणि १०० मीटरला ५ मीटर चढ धरला तर घर्षण सोडून ११० न्यूटन बल एकसारखे लावावे लागते. उतारावर तेवढेच बल मागे ओढायला लागते, कारण एवढ्या ओझ्याला साधे ब्रेक पुरत नाहीत. मला येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. सायकलवर किती मावते याचे कौतुक करताना त्याखाली कोण वाकले आहे हेही पाहावे. या लोकांची बांधणी आणि तोल पाहून शिकावे, पण त्यांच्या ओझ्याला पराक्रम म्हणू नये. ती गरिबी आहे. विज्ञानाचे काम हे ओझे वाहणे सोपे करण्याचे आहे. तीन चाकी मालवाहू सायकल, चांगले ब्रेक, विजेच्या मोटरची जोड, यांपैकी नवे आता काहीच राहिलेले नाही. युरोपातल्या पुष्कळ शहरांत अशा सायकलींवर रोज टपाल आणि माल फिरतो. गरजवंताच्या हाती त्या पोहोचत नाहीत, हा दोष यंत्रशास्त्राचा नाही.

मग करावे काय?

विद्यार्थिमित्रहो, पहिली गोष्ट तुमच्या हातातली आहे. सायकल घेताना कॅरिअर, मडगार्ड, साखळीचे झाकण आणि दुहेरी स्टँड मागा. कॅरिअरचे वजन एखादा किलोग्रॅम असते. ८० किलोग्रॅमच्या एकूण भारात ते सव्वा टक्का. एवढ्यासाठी ते काढून टाकणे म्हणजे वजन कमी करण्यासाठी खिसे कापून टाकण्यासारखे आहे. दप्तर पाठीवरून उतरवून कॅरिअरवर, सीटला टेकवून आडवे ठेवा आणि दोरीने किंवा रबरी पट्ट्याने दोन ठिकाणी बांधा. सुटी टोके चाकात जाणार नाहीत हे पाहा. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. ते प्रत्यक्षात येईल तेव्हा येवो. तोपर्यंत निदान शाळेच्या वाटेवर तरी ओझे लोखंडाला वाहू द्या.

शिक्षकांना माझी विनंती अशी, की तरफ आणि गुरुत्वमध्य शिकवताना फळ्यावर त्रिकोण काढून थांबू नका. शाळेच्या सायकलतळावरची एक सायकल वर्गात आणा. तीन प्रयोग सहज होतील. पहिला : पुढचे चाक वजनकाट्यावर आणि मागचे तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवा, कॅरिअरवर विटा पुढे-मागे सरकवून काट्याचा आकडा टिपा आणि तरफेच्या नियमाने येणाऱ्या उत्तराशी ताडून पाहा. दुसरा : हँडलला पिशवी टांगून दहा आंदोलनांचा वेळ मोजा, बंद लांब-आखूड करून पुन्हा मोजा. तिसरा : लादलेली सायकल सपाट जमिनीवर तानकाट्याने सावकाश, एकाच वेगाने ओढा. आधी चाकात हवा भरपूर ठेवून आणि मग हवा कमी करून. टायर मऊ झाला की काटा किती पुढे जातो, हे ज्या मुलाने पाहिले तो आयुष्यात कधी कमी हवेची सायकल चालवणार नाही.

तिसरी गोष्ट सायकली बनवणाऱ्यांची आणि वाटणाऱ्यांची. २००६ साली बिहार सरकारने नववीतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या मुलींना सायकली दिल्या जातात. अशा मुलीची सायकल फक्त शाळेत जात नाही. ती गिरणीत दळण नेते, बाजारातून भाजी आणते, धाकट्या भावाला मागे बसवते. तिच्या सायकलचे कॅरिअर किती भार सोसेल, स्टँड कसे असेल, मागच्या चाकाला स्पोक किती असतील, हे खरेदीच्या अटींतच लिहिलेले असावे. कॅरिअरवर 'एवढे किलोग्रॅम' असा आकडा ठसठशीत कोरलेला असावा. लिफ्टमध्ये किती माणसांनी बसावे हे लिहिलेले असते. मग सायकलवर किती ओझे ठेवावे हे का लिहू नये?

सायकल हे गरिबाचे वाहन आणि श्रीमंताचे व्यायामाचे साधन, अशी वाटणी आपण हळूहळू करून टाकली आहे. कॅरिअर गेले ते या वाटणीपायी. व्यायामाला निघालेल्या माणसाला ओझे न्यायचे नसते; उलट त्याला दमायचेच असते. पण ज्या मुलाला शाळेत जायचे आहे, दळण आणायचे आहे, त्याला त्याच आकाराची सायकल का विकावी? वस्तू कोणासाठी बनवली आहे हे तिच्या रंगावरून कळत नाही, ती काय वाहून नेऊ शकते यावरून कळते. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की आधी सायकलच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा, आणि गिअर किती आहेत हे विचारण्यापूर्वी ओझ्याची जागा कोठे आहे, हे विचारा.